महाधमनीची रिंग आणि १० मिलिलिटरचा बाथ: प्रकल्प नोंदी

काम: उंदराच्या छातीतल्या महाधमनीच्या रिंगा ऑर्गन बाथमध्ये (अवयवाचा तुकडा जिवंत ठेवणाऱ्या कोमट द्रावणाच्या चेंबरमध्ये) टांगायच्या, अ‍ॅसिटिलकोलिन (मज्जातंतूंचं एक संदेशरसायन) दिल्यावर त्या किती सैलावतात ते मोजायचं, आणि त्यात आतल्या अस्तराचा म्हणजे एन्डोथेलियमचा वाटा किती ते वेगळं काढायचं. चार चेंबर, प्रत्येकी १० मिलि. प्राणी आचारसमितीची मंजुरी हातात आहे. उंदीर विस्टार जातीचे, नर, २५० ते ३०० ग्रॅम. वनस्पतींचे अर्क नंतर तपासायचे आहेत, पण आधी ही पद्धत भरवशाची झाली पाहिजे.

एक खुलासा सुरुवातीलाच. रिंग टांगलेली असताना वाहिनी रुंदावताना डोळ्यांना दिसत नाही. दोन तारांमधलं अंतर कायम असतं, बदलतो तो ताण. पडद्यावरची रेघ खाली आली की समजायचं, शरीरात असती तर ही वाहिनी रुंदावली असती.

१३ जानेवारी

बाथची तपासणी. सर्क्युलेटरवर ३७ अंश दिसतात, पण चेंबरच्या आत थर्मामीटर धरला तर ३५.८. नळ्या लांब आहेत, वाटेत उष्णता जाते. सर्क्युलेटर ३८.३ वर नेला तेव्हा आत ३७ झाले. हा आकडा चिकटपट्टीवर लिहून यंत्रावर लावला आहे. सर्क्युलेटरच्या आकड्यावर कुणी जाऊ नये. थंड बाथमध्ये रिंग सुस्त चालते आणि तो सुस्तपणा औषधाचा गुण वाटू शकतो.

ताण मोजणारे ट्रान्सड्यूसर ० आणि २ ग्रॅमच्या वजनांवर कॅलिब्रेट केले, मग १ ग्रॅम टांगून पाहिला. तीन चॅनेल बरोबर. चौथ्यावर १ ग्रॅमला १.१ दिसत होतं. दोरा होल्डरच्या कडेला घासत होता. दोरा सरळ उभा आल्यावर १.० आलं.

१५ जानेवारी

क्रेब्ज द्रावण (रिंग ज्यात बुडलेली असते ते क्षार आणि ग्लुकोजचं पाणी), एका लिटरला: सोडियम क्लोराइड ६.९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३५, मॅग्नेशियम सल्फेट (सात पाण्यांचं) ०.३०, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१६, सोडियम बायकार्बोनेट २.१, ग्लुकोज २.०, कॅल्शियम क्लोराइड (दोन पाण्यांचं) ०.३७.

क्रम महत्त्वाचा आहे. कॅल्शियम सोडून सगळं ९०० मिलि पाण्यात विरघळवायचं, मग निदान २० मिनिटं कार्बोजेन (९५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड) सोडायचा. कॅल्शियम क्लोराइड वेगळ्या थोड्या पाण्यात विरघळवून सगळ्यात शेवटी, ढवळत ढवळत घालायचं, आणि मग लिटर पुरा करायचा. सकाळच्या पहिल्या घाण्यात कॅल्शियम बाकीच्या क्षारांबरोबर गेलं आणि द्रावण ताकासारखं पांढुरकं झालं. कॅल्शियम कार्बोनेट आणि फॉस्फेटचा गाळ आहे तो. गाळून घेऊन वापरू नये, कारण गाळात गेलेलं कॅल्शियम द्रावणात कमी पडतं आणि रिंगेला आकुंचनासाठी तेच लागतं. सगळं ओतून दिलं.

दुपारी दुसरा घोळ. द्रावण नीट बनलं होतं, तरी चेंबरमध्ये अर्ध्या तासात गढूळ. पीएच ८ च्या वर. सिलिंडर कार्बोजेनचा नव्हता, नुसत्या ऑक्सिजनचा होता. बायकार्बोनेटला पीएच ७.४ वर धरून ठेवतो तो त्यातला ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. तो नसला की पीएच चढतो आणि कॅल्शियम पुन्हा खाली बसतं. सिलिंडर बदलल्यावर पहिली पाच मिनिटं पीएचपट्टी चेंबरमध्ये बुडवून बघायची, असं ठरलं.

१८ जानेवारी

हात बसवण्यासाठी मटणाच्या दुकानातून बोकडाचं आतडं त्याच्या पडद्यासकट आणलं. पडद्यातल्या धमन्यांवरची चरबी सोडवणं, ३ मिलिमीटरच्या रिंगा कापणं, दोन तारा आत घालणं, एवढंच. मोजमाप काही नाही. रिंग कापायला कात्री नको, नवी ब्लेड हवी. कात्री दोन्ही बाजूंनी दाबते आणि रिंगेची तोंडं चेपतात. तारेची टोकं भिंगाखाली पाहिली तर दोन हुकांवर बारीक कुसळ होतं. घासून गुळगुळीत केले. तेवढ्या कुसळानेही आतलं अस्तर खरवडून निघतं.

२१ जानेवारी

पहिला उंदीर. महाधमनी बर्फावर ठेवलेल्या क्रेब्जमध्ये, चार रिंगा. विश्रांतीचा ताण २ ग्रॅम, ९० मिनिटं स्थिरावू दिल्या, दर १५ मिनिटांनी वॉश, ताण उतरला की पुन्हा २ ग्रॅम. मग ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड २०० मायक्रोलिटर, म्हणजे बाथमध्ये साधारण ६० मिलिमोलर. चारही रिंगांनी १.६ ते २ ग्रॅम ताण दाखवला. स्नायू जिवंत. वॉश. फिनाइलएफ्रिन (वाहिनी आवळणारं औषध) १ मायक्रोमोलर, उत्तम आकुंचन, पठार सपाट. मग अ‍ॅसिटिलकोलिन १० मायक्रोमोलर.

एकही रिंग सैलावली नाही. एक तर किंचित वर गेली.

औषध खराब असेल असा पहिला संशय. नवीन अ‍ॅसिटिलकोलिन बनवलं, तरी तेच. सोडियम नायट्रोप्रुसाइड (स्नायूला थेट सैल करणारं औषध) १ मायक्रोमोलर दिल्याबरोबर चारही रिंगा बेसलाइनपर्यंत खाली. म्हणजे स्नायूला सैलावता येतं, सैलाव असा निरोप मात्र त्याच्यापर्यंत पोचत नाही. निरोप देणारं अस्तर आपणच काढून टाकलं होतं. चरबी सोडवताना वाहिनी चिमट्यात मधोमध धरून ओढली होती आणि रक्त काढण्यासाठी दोन बोटांत दाबून पिळली होती.

हीच चूक जगाने पंचवीस वर्षं केली होती. ब्रुकलिनच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या मळसूत्री कापलेल्या पट्ट्या वापरत असत, आणि त्यांवर अ‍ॅसिटिलकोलिनने आकुंचनच दिसे. शरीरात मात्र तेच औषध वाहिन्या रुंदावतं. १९७८ मध्ये रिंगा टांगल्यावर त्या सैलावल्या. पट्टी कापताना आतली बाजू बोटांना आणि पृष्ठभागाला घासत होती, रिंगेत ती घासत नव्हती, एवढाच फरक. १९८० मध्ये फर्चगॉट आणि झवाडझ्की यांनी ते छापलं. त्यांचा सँडविचचा प्रयोग फार देखणा आहे: अस्तर काढलेली पट्टी एकटी सैलावत नाही, पण तिच्यावर अस्तर असलेली पट्टी आतल्या बाजूने चिकटवून ठेवली की सैलावते. अर्थात अस्तरातून काहीतरी झिरपून स्नायूपर्यंत जातं. ते काहीतरी म्हणजे नायट्रिक ऑक्साइड वायू, हे पुढे कळलं.

२४ जानेवारी

दुसरा उंदीर, नवी शिस्त. वाहिनी धरायची ती फक्त बाहेरच्या चरबीला किंवा कापून टाकायच्या टोकाला. चरबी ओढायची नाही, वाहिनीला समांतर कात्री धरून कापायची. बशीच्या तळाला सिलिकोन, दोन टोकं टाचणीने खिळलेली, वाहिनी पूर्णवेळ द्रावणाखाली. रक्त पिळून काढायचं नाही. बोथट सुईच्या सिरिंजने थंड क्रेब्ज हळू सोडायचं. रक्ताची गुठळी आत राहिली तर तोही तोटाच, कारण हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइडला लगेच पकडतं. दोन्ही तारा एकाच वेळी, भिंतीला न टेकवता आत जातात. पहिली तार घालून मग तिच्याच बाजूने दुसरी सरकवली की घासलंच म्हणून समजा.

फिनाइलएफ्रिनवर अ‍ॅसिटिलकोलिन १० मायक्रोमोलर: ८८, ८४, ९१ आणि ४० टक्के. चौथी रिंग टोकाकडची होती, चिमट्याने धरलेली. ती बाद. आजपासून नियम: ८० टक्क्यांच्या खाली सैलावणारी रिंग ‘अस्तर शाबूत’ गटात नाही, आणि मुद्दाम अस्तर काढलेली रिंग १० टक्क्यांहून जास्त सैलावली तर तीही बाद. टोकाचे २ मिलिमीटर दोन्हीकडून टाकून द्यायचे.

२७ जानेवारी

स्टॉक द्रावणांची नोंद, कारण यात दोनदा घोटाळा होता होता राहिला.

अ‍ॅसिटिलकोलिन क्लोराइड हवेतलं पाणी इतकं ओढतं की काट्यावरचा आकडा बघता बघता वाढतो. थोडं थोडं तोलायच्या नादी लागू नये. लहान बाटली फोडून पूर्ण विरघळवावी, भाग करून गोठवावेत. १० मिलिमोलरसाठी १० मिलिला १८.२ मिग्रॅ. पातळ केलेली द्रावणं बर्फावर आणि त्याच दिवसापुरती. आम्लारीधर्मी पाण्यात हे औषध फुटतं, म्हणून क्रेब्जमध्ये पातळ करून दिवसभर ठेवायचं नाही, ऊर्ध्वपातित पाण्यात करायचं.

फिनाइलएफ्रिन १० मिलिमोलरसाठी १० मिलिला २०.४ मिग्रॅ. हवेने ते बिघडू नये म्हणून थोडं अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल.

नायट्रोप्रुसाइडची बाटली, नळ्या, पिपेटचं टोक पोचेपर्यंतचा प्रवास, सगळं फॉइलखाली. ताजं द्रावण फिकट तपकिरी असतं. निळसर किंवा हिरवट झाक आली की फेकायचं.

३० जानेवारी

एल-नेमचा दिवस. हे औषध अस्तरात नायट्रिक ऑक्साइड बनू देत नाही. १०० मिलिमोलर स्टॉकमधून १० मायक्रोलिटर, म्हणजे बाथमध्ये १०० मायक्रोमोलर, ३० मिनिटं. त्यानंतर अ‍ॅसिटिलकोलिन दिलं तर रेघ जागची हलत नाही. म्हणजे उंदराच्या महाधमनीत हा सैलपणा जवळजवळ सगळा नायट्रिक ऑक्साइडचा.

साखळी अशी. अ‍ॅसिटिलकोलिन अस्तराच्या पेशीवरच्या एम-३ ग्राहीला चिकटतं, पेशीत कॅल्शियम वाढतं, कॅल्शियम-कॅल्मोड्युलिन नायट्रिक ऑक्साइड सिंथेजला जागं करतं, ते आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड आणि सिट्रुलिन बनवतं. वायू शेजारच्या स्नायूपेशीत शिरतो, ग्वानिलेट सायक्लेज या एन्झाइमच्या हीमला (लोहाच्या भागाला) चिकटतो, त्याने बनणारा सीजीएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, प्रोटीन कायनेज-जी हे एन्झाइम चालू होतं. तिथून एकाच वेळी अनेक गोष्टी: पेशीतलं कॅल्शियम परत साठ्यात ओढलं जातं, पोटॅशियमचे मार्ग उघडतात, आणि मायोसिनवरचा फॉस्फेट काढणारं एन्झाइम जोरात चालतं. आकुंचन पावलेला स्नायू सुटतो. इथे नीट पाहण्यासारखं हे की अस्तरात कॅल्शियम वाढतं आणि स्नायूत उतरतं. तोंडी परीक्षेत मुलं हटकून इथेच गडबडतात.

शरीरात अ‍ॅसिटिलकोलिनच्या जागी बहुतेक वेळा रक्ताचा प्रवाहच असतो. चालताना पायाकडचा प्रवाह वाढला की अस्तरावरची घसट वाढते आणि त्याच सिंथेजला चालना मिळते.

एल-नेमच्या रिंगांमध्ये एक सापळा आहे. त्या १ मायक्रोमोलर फिनाइलएफ्रिनला २.९ ग्रॅम आकुंचन पावल्या, नियंत्रण गटातल्या २.१. कारण शाबूत अस्तर काहीच न देताही थोडा थोडा नायट्रिक ऑक्साइड सोडत असतं आणि आकुंचनाला लगाम घालतं. जास्त आवळलेली रिंग सैल करायला मुळातच जास्त जोर लागतो, म्हणून हे दोन गट शेजारी ठेवून तुलना करणं चूक. एल-नेमच्या आणि अस्तर काढलेल्या रिंगांना फिनाइलएफ्रिन कमी करून (आज ०.१ ते ०.३ मायक्रोमोलर पुरलं) आकुंचन नियंत्रण गटाच्या पातळीवर आणायचं.

३ फेब्रुवारी

मुद्दाम अस्तर काढलेल्या रिंगा. रिंगेच्या आत बोथट चिमट्याचं टोक घालून ओल्या फिल्टर पेपरवर पाच-सहा वेळा हळू फिरवायची. जास्त दाबलं तर स्नायूही जातो. म्हणून पोटॅशियमचं आकुंचन शाबूत रिंगेच्या जवळपास आलं पाहिजे, ही अट.

अ‍ॅसिटिलकोलिन: काही नाही. नायट्रोप्रुसाइड: पूर्ण सैल, तेही शाबूत रिंगेपेक्षा थोड्या कमी मात्रेत. नायट्रोप्रुसाइड स्वतःच नायट्रिक ऑक्साइड देतं, त्याला अस्तराची गरज नाही. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवतात त्या सॉर्बिट्रेटचंही तत्त्व हेच, म्हणून अस्तर बिघडलेल्या धमनीवरही ती चालते. पण नायट्रेटला पेशीतल्या एन्झाइमकडून नायट्रिक ऑक्साइड मोकळा करून घ्यावा लागतो, आणि सतत देत राहिलं की असर उतरतो. दीर्घकाळ नायट्रेट घेणाऱ्या रुग्णाला दिवसातले काही तास औषधाविना ठेवतात ते त्यासाठी. बाथमध्ये नायट्रोग्लिसरिन वापरलं तर दुसरा वक्र पहिल्यासारखा येईल अशी अपेक्षा ठेवू नये. आपल्याला तुलनेसाठी नायट्रोप्रुसाइडच बरं.

६ फेब्रुवारी

मात्रांचा हिशेब चुकला होता. गेल्या आठवड्याचे तीन वक्र पुन्हा काढावे लागणार.

मात्रा चढत्या आणि साठत जाणाऱ्या आहेत: १, ३, १०, ३०, १०० नॅनोमोलर, असं १० मायक्रोमोलरपर्यंत. आधीचं औषध धुतलेलं नसतं, म्हणून ३ करायला फक्त २ ची भर हवी, १० करायला ७ ची. १० मिलिच्या बाथमध्ये: १ मायक्रोमोलर स्टॉकचे १० मायक्रोलिटर, मग त्याचेच २०, मग १० मायक्रोमोलर स्टॉकचे ७, त्याचेच २०, मग १०० मायक्रोमोलरचे ७, आणि असंच पुढे. चुकीच्या वेळी १०, ३०, मग पुढच्या स्टॉकचे १०, ३० असं गेलं होतं. त्यामुळे कागदावर १० नॅनोमोलर लिहिलं तेव्हा बाथमध्ये १४ होते, आणि १०० लिहिलं तेव्हा १४४. वक्र जवळजवळ ०.१६ लॉगने डावीकडे सरकतो, औषध आहे त्यापेक्षा तिखट भासतं. सगळ्या रिंगांत चूक सारखीच असल्याने आपापसात तुलना केली तर ती लक्षात येत नाही. छापील आकड्यांशी ताडून पाहिल्यावर खटकली.

दोन मात्रांमध्ये ठरावीक मिनिटं मोजायची नाहीत. रेघ सपाट होईपर्यंत थांबायचं, मग पुढची. अ‍ॅसिटिलकोलिनला एक ते दोन मिनिटं पुरतात. फार रेंगाळलं तर सैलपणा आपोआप उतरायला लागतो.

१० फेब्रुवारी

फिनाइलएफ्रिनऐवजी ६० मिलिमोलर पोटॅशियमने आवळलेल्या रिंगेवर अ‍ॅसिटिलकोलिन. सैलपणा निम्म्याहून कमी. बाहेर पोटॅशियम इतकं असताना स्नायूपेशीतून पोटॅशियम बाहेर जायला उतारच उरत नाही, म्हणून पोटॅशियमचे मार्ग उघडून जो सैलपणा येतो तो बंद पडतो. शिवाय कॅल्शियमचे मार्ग सतत उघडे. एखादा अर्क फिनाइलएफ्रिनवर चालतो आणि पोटॅशियमवर नाही, असं दिसलं तर पोटॅशियम मार्गाकडे बोट जातं. दोन्हींवर सारखाच चालला तर कॅल्शियम मार्ग अडवत असण्याची शक्यता आधी तपासायची.

याच ओघात: महाधमनीच्या निकालावरून ‘रक्तदाब कमी करतं’ असं अहवालात कुणीही लिहायचं नाही. महाधमनी ही नळी आहे, नळाची तोटी नाही. रक्तप्रवाहाला अडवतात त्या बारीक धमन्या आणि धमनिका. प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो: बाकी काही न बदलता त्रिज्या १० टक्क्यांनी वाढली तर प्रवाह १.४६ पट, २० टक्क्यांनी वाढली तर दुपटीहून थोडा जास्त. आणि बारीक धमन्यांत एल-नेम देऊनही अ‍ॅसिटिलकोलिनचा बराच सैलपणा शिल्लक राहतो, कारण तिथे अस्तर स्नायूला विद्युतमार्गानेही शांत करतं. आतड्याच्या पडद्यातल्या पाव मिलिमीटरच्या धमन्या वायर मायोग्राफवर (बारीक धमन्यांचा ताण मोजणाऱ्या यंत्रावर) घेतल्या तरच त्यावर बोलता येईल. ते यंत्र इथे नाही.

१३ फेब्रुवारी

इंडोमेथासिन (प्रोस्टॅनॉइड गटातली रसायनं बनू न देणारं औषध) १० मायक्रोमोलर, ३० मिनिटं. शाबूत रिंगांचा वक्र फारसा हलला नाही. म्हणजे या वाहिनीत प्रोस्टॅसायक्लिनचा (त्याच गटातल्या, वाहिनी सैल करणाऱ्या रसायनाचा) वाटा लहान. एका रिंगेत अ‍ॅसिटिलकोलिनच्या सर्वांत वरच्या मात्रेला रेघ परत वर चढत होती, ती इंडोमेथासिनने थांबली. अस्तर आकुंचन करणारे प्रोस्टॅनॉइडही सोडतं, त्यांचं काम. उच्च रक्तदाबाच्या वाणाच्या उंदरांत हे ठळक दिसतं.

इंडोमेथासिन इथेनॉलमध्ये, ओडीक्यू (ग्वानिलेट सायक्लेज अडवणारं औषध) डीएमएसओमध्ये. दोन्ही द्रावकं स्वतःच रिंग सैल करू शकतात. बाथमध्ये ०.१ टक्क्यापेक्षा जास्त नाही, म्हणजे १० मिलिला १० मायक्रोलिटर, आणि नुसत्या द्रावकाची एक रिंग रोज सोबत. अर्कांच्या वेळी तर ही रिंग नसेल तो दिवस गृहीत धरायचा नाही.

१७ फेब्रुवारी

टक्केवारी काढायची पद्धत पक्की. फिनाइलएफ्रिनच्या पठारातून बेसलाइन वजा, तो १०० टक्के. प्रत्येक मात्रेला रेघ किती खाली आली ते त्याच्या टक्क्यांत. पठार स्वतःहून उतरत असेल तर सगळा हिशेब फसतो, म्हणून चारपैकी एक रिंग फिनाइलएफ्रिन देऊन तशीच सोडायची, तेवढाच वेळ. आज ती चाळीस मिनिटांत ६ टक्के उतरली, चालेल. १० च्या वर उतरली तर त्या दिवसाचे वक्र बाद.

एका उंदराच्या चार रिंगा म्हणजे चार नमुने नव्हेत. नमुना एकच, उंदीर. एकाच उपचाराच्या दोन रिंगा असतील तर सरासरी घेऊन एकच आकडा नोंदवायचा.

१९ फेब्रुवारी

काल एल-नेम न घालताही दुसऱ्या चेंबरची रिंग फक्त ३५ टक्के सैलावली. आज पुन्हा तोच चेंबर, वेगळा उंदीर, ४१ टक्के. बाकी तीन चेंबर ८५ च्या वर. रिंगा अदलाबदल केल्या तरी दोष चेंबरकडेच राहिला. हुक काढून भिंगाखाली पाहिला: सांध्याला पांढरा थर. १३ तारखेला इंडोमेथासिन आणि नंतरचे अर्काचे चाचणी डोस याच चेंबरमध्ये गेले होते, आणि धुणं नुसत्या पाण्याने झालं होतं. शिवाय त्याच हुकाच्या टोकाला नवीन कुसळ.

चारही चेंबर: गरम पाणी, मग ७० टक्के इथेनॉल भरून अर्धा तास, मग ऊर्ध्वपातित पाण्याने दहा वेळा. वरच्या राखीव भांड्यापासून चेंबरपर्यंतच्या नळ्यासुद्धा, त्या सगळे विसरतात. साबण नाही. हुक नव्या तारेचे, टोकं घासून. दुसऱ्या चेंबरमध्ये उद्या नियंत्रण रिंग, परवा पुन्हा नियंत्रण रिंग. दोन्ही दिवस ८० च्या वर आल्या तर अर्काची मोजणीसाठीची पहिली मात्रा २४ तारखेला.